सात नंबरच्या चांदण्या

"पाय थांबव गं बाई! अख्खं टेबल हलतंय," हॅलोबाई ओरडली.

मावशीने खाली पाहिलं. खरंच की! शिलाई मशीन घरी, पुढच्या खोलीत. इथे टेबलाखाली ना पायडल, ना पट्टा, तरी उजवा पाय आपला वर-खाली, वर-खाली चाललेला. तिने तो डाव्या पायाखाली दाबून धरला. दोन मिनिटांनी पुन्हा तेच.

नाताळचा बाजार अकराला उघडणार होता आणि साडेदहा वाजले होते. त्यांचं टेबल फाटकापासून तिसरं. ते मावशीने मुद्दाम मागून घेतलं होतं. महिनाभर आधी ती तीनदा त्या मोकळ्या मैदानात येऊन उभी राहिली होती, वारा कुठून येतो आणि ऊन कुठे टिकतं ते बघत. "पहिलं टेबल नको. तिथे लोक आत शिरायच्या घाईत असतात. तिसऱ्याशी चाल मंदावते," असं तिने बाजाराच्या कारभाऱ्याला सुनावलं, तेव्हा तो बिचारा नुसता मान हलवत राहिला.

एकतीस वर्षं तिने हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत काढली होती. फाटल्या चादरी शिवायच्या, नव्यांना दुमड घालायची आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने वॉर्डाचा नंबर घालायचा. सगळं हॉस्पिटल तिला चादरमावशी म्हणायचं. हॅलोबाई त्याच हॉस्पिटलच्या टेलिफोनवर होती. दोघी एकाच वर्षी निवृत्त झाल्या; हॅलोबाईचा आवाज मात्र अजून नोकरीवर होता.

तर झालं होतं असं, की मुलाचं घर दोन खोल्यांचं आणि नव्या वर्षात सुनेला बाळ होणार होतं. पाळण्याला जागा हवी होती. मुलगा एकदा जेवताना म्हणाला, "आई, ते मशीन देऊन टाकू या का कुणाला? नाहीतरी आता कोण शिवतंय?"

"कोण शिवतंय म्हणजे? मी मेले का?"

शब्दाने शब्द वाढला. शेवटी मावशीनेच पैज लावली. "नाताळच्या बाजारात कापडी चांदण्यांचं टेबल लावते. संध्याकाळी दोन खोक्यांतली एक जरी चांदणी उरली, तरी मशीन रविवारी उचल. दोन्ही खोकी रिकामी झाली, तर पुन्हा त्या मशीनचं नाव काढायचं नाही." मुलाने मुकाट्याने हो म्हटलं. दहा-बारा खपतील आणि आई आपोआप गप्प होईल, असा त्याचा हिशेब.

दोन महिने ती शिवणाच्या मागे हात धुऊन लागली होती. एकशे वीस कापडी चांदण्या! खाटेवर तीन वेळा टेबल मांडून झालं. मोठ्यांच्या चांदण्या दोरीवर, पोरांच्या पुढे खाली, त्यांच्या नाकासमोर. गुंडाळायचे कागद आधीच कापलेले. सगळं डझनाडझनाने, सरळ बाजू वर, चादरींसारखं रचून बांधलेलं.

आणि आता हॅलोबाईने दोरीला लावता लावता एक चांदणी उलटी केली. "अगं, हे काय?"

मागच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने नीट, ठसठशीत सात काढलेला. दुसरी उलटली, सात. तिसरी, सात. मावशीने खोक्यात हात घालून मूठभर काढल्या. सगळ्यांवर सात.

"सात नंबर म्हणजे लहान मुलांचा वॉर्ड," मावशी पुटपुटली. "तिथल्याच चादरी सगळ्यांत जास्त फाटायच्या." दोन महिने तिचं डोकं मुलाशी भांडत होतं आणि हात आपली जुनी नोकरी करत होते. कड संपली की लाल दोरा.

"लोक म्हणतील, हॉस्पिटलातून उचलून आणल्या!" तिने कात्री काढली आणि टाके उसवायला बसली. पण जिथून दोरा निघाला तिथे भोकं दिसायला लागली. तिला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. गेलं मशीन, ती मनात म्हणाली. तेवढ्यात फाटक उघडलं.

पहिलीच आली ती एक आई, दोन मुलांना घेऊन. मुलीने झडप घातली. "आई, बघ! सात! माझं वय!" झालं, धाकट्याने भोकाड पसरलं. "मला चार पाहिजे!"

मावशीच्या हातातली कात्री थांबली. हातात होती त्या चांदणीवरचा सात निघालाच होता. तिने सुई ओवली, त्याच भोकांवरून चार काढला, दोरा दाताने तोडला आणि चांदणी त्याच्या हातात दिली. भोकं गायब!

हॅलोबाईला आणखी काय हवं होतं? तिने टेलिफोनवरचा आवाज काढला. "या, या! तुमचा आकडा सांगा, उभ्या उभ्या घालून मिळेल! वय सांगा, घराचा नंबर सांगा, लग्नाला किती वर्षं झाली ते सांगा! खरंच सांगायला पाहिजे असं काही नाही हो!"

एका जोडप्याची लग्नाला एकोणीस वर्षं झाली की वीस, यावरून तिथेच जुंपली. शेवटी दोघांनी दोन घेतल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांना एक्याऐंशी हवा होता. "दोन आकडे आहेत काका, वेळ लागेल." "लागू दे. मला कुठे गाडी पकडायचीय?" रांग शेजारच्या टेबलापुढून वळली आणि मेणबत्तीवाला कुरकुरायला लागला. मावशीला डबा उघडायलाही उसंत मिळाली नाही. दुपारपर्यंत एक खोकं पालथं पडलं होतं, बोटं टोचून टोचून बधिर झाली होती आणि खाली पाय सुसाट सुटला होता.

चारच्या सुमाराला राखाडी कोटातली एक बाई आली. बराच वेळ ती रांगेच्या बाजूलाच उभी होती.

"एक द्या."

"आकडा?" मावशीने सुई उचलली.

"आहे तोच राहू द्या. सात."

"सात वर्षांचं आहे होय?" हॅलोबाई मध्ये पडली. "मग पुढच्या नाताळात या, आठ घालून देऊ!"

"नाही," बाई शांतपणे म्हणाली. "पाच वर्षांचा होता. वॉर्ड सात नंबरचा. चादरीचा कोपरा मुठीत धरायचा आणि या आकड्यावरून बोट फिरवत झोपायचा. मघाशी एका मुलीच्या हातात दिसलं. टाका तोच वाटला."

इतक्या वर्षांत प्रथमच हॅलोबाईची लाइन कटली. मावशीने कधी त्या वॉर्डातलं एक पोर पाहिलं नव्हतं; तिच्याकडे यायच्या त्या फक्त चादरी. "तो टाका माझाच," ती कशीबशी म्हणाली. बाईने तिच्या टोचलेल्या बोटांवर क्षणभर हात ठेवला, चांदणी घेतली आणि गर्दीत गेली.

दिवे लागताना मुलगा आणि सून आले. दोन्ही खोकी रिकामी. मुलाने ती उचलून आत डोकावून बघितलं, चांगलं दोनदा.

"जिंकलीस बुवा, आई. मशीन राहिलं."

सून अवघडून एका पालथ्या खोक्यावर टेकली. "बरं झालं, आई. पाळणा स्वयंपाकघरात दाराशी लावू."

"दाराशी वारा लागतो."

"टोपडं घालू की त्याला."

मावशी उरलेला लाल दोरा बोटावर गुंडाळत राहिली. मग मुलाला म्हणाली, "रविवारी माणसं सांगितली होतीस ना? येऊ देत."

"अगं, पण तू जिंकलीस!"

"म्हणून तर सांगतेय. हरले असते ना, तर जागचं हलू दिलं नसतं."

रविवारी दोन माणसं आली. "पट्टा काढा आधी, चाक फिरलं तर बोट जाईल," म्हणून मावशी त्यांच्यावर खेकसली, दारापर्यंत गेली आणि जिन्याकडे न बघता परत आली. फरशीवर मशीनच्या पायांचे चार काळपट डाग राहिले होते. तिने फडकं घेऊन ते घासले. निघाले नाहीत.

जानेवारीत बाळ आलं. चार डागांवर आता वाकड्या पायांचा, डुलणारा लाकडी पाळणा उभा होता. चादर मावशीने हाताने शिवली होती. कोपऱ्यात लाल दोरा होता, पण आकडा घातला नव्हता. नुसती एक उठावाची गाठ, बोट फिरवायला.

"आई, बाळ झोपलं का हो?" सुनेने आतून विचारलं.

बाळाच्या मुठीत चादरीचा कोपरा होता आणि पाळण्याच्या लाकडावर मावशीचा उजवा पाय वर-खाली, वर-खाली चालला होता.