रांगेत लावलेला लॅपटॉप

हे कुणाला खरं वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्यानं आधी डोकं तपासून घ्यावं. पण देवळाईच्या पलीकडं एका लॅपटॉपनं पाण्याच्या रांगेत नंबर लावला होता, आणि त्याला पाणी मिळालंसुद्धा. समोर बसलेली ही दगडाबाई त्या दिवशी त्याच रांगेत होती. तिनं मध्ये तोंड घालू नये, एवढंच.

दुष्काळाचं वर्ष. बीड बायपास ओलांडून शहर डोंगराकडं धावत सुटलेलं. प्लॉट पडले, कमानी उभ्या राहिल्या, कमानींवर 'विहार' न् 'पार्क' अशी गारेगार नावं आली. नळ तेवढा यायचा राहिला. ऊन असं, की डोंगराची सावलीसुद्धा घराबाहेर पडायला तयार नव्हती.

तिथल्या शाळेत सावनी बाई कॉम्प्युटर शिकवायच्या. राहायला शहरात, समर्थनगरात, बोलणं पुस्तकी, पण जीव सगळा या पोरांत. एका कंपनीनं शाळेला लॅपटॉप दिले होते, ते वर्षाच्या बोलीवर. वर्ष सरताना सगळे चालू दिसले तर शाळेचे. एक जरी बिघडला किंवा कमी भरला, तर सगळे गाडीत घालून दुसऱ्या शाळेला.

मुख्याध्यापक हेमचंद्र सरांचं म्हणणं सोपं होतं. "कपाटात ठेवा, कुलूप लावा. वापरलेच नाहीत तर बिघडतील कसे?"

बाईंनी ऐकलं नाही. आठवीच्या पोरांना त्या आळीपाळीनं लॅपटॉप घरी न्यायला द्यायच्या. पोरं चित्रं काढायला लागली, गाणी जुळवायला लागली. सायली नावाच्या पोरीनं तर गेम बनवला. बटण दाबलं की टँकर यायचा आणि हंडे पाय फुटल्यासारखे त्याच्यामागं पळायचे. त्या गेममधला टँकर दर वेळी यायचा.

तपासणीच्या सकाळी कपाट उघडलं तर एक कप्पा रिकामा. सायलीचा. ती बरेच दिवस शाळेत आलीच नव्हती.

"दुपारी कंपनीचे साहेब येताहेत," हेमचंद्र सर म्हणाले. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "लॅपटॉप गेले, तर पोरं मला नाही विचारणार बाई. तुम्हाला विचारतील."

बाईंनी स्कूटी काढली.

वस्तीच्या कमानीखाली रांग लागलेली, पण माणसांची नव्हे. हंडे, घागरी, निळे ड्रम, तेलाचे डबे, मध्येच कुणाची वीट. कायदा बायकांनीच केलेला. रांगेत माणूस धरायचा नाही, वस्तू धरायची. नाहीतर मोठ्या खटल्याच्या घरांनी सगळं गोत उभं केलं असतं. एकदा ठेवलेली वस्तू टँकर येईपर्यंत हलवायची नाही. हलवली किंवा तिच्यातलं काही बाहेर काढलं, की नंबर गेला. बदली वस्तूही चालायची नाही. बदलीवरून एकदा डोकी फुटली होती.

आणि रांगेत पुढंच, एका निळ्या ड्रमामागं, शाळेची काळी बॅग. भर उन्हात.

बाईंनी झेप घातली तशी सावलीतून आरोळी उठली, "ओ बाई! हात लावू नका!"

सायलीची आई, आशाबाई, पळत आली. "नंबर जाईल ना आमचा! हंडा ठेवला तर चोरीला गेला. चप्पल ठेवली तर कुत्र्यानं नेली. ही शाळेची म्हणून कुणी हात लावत नाय. काय करावं आम्ही?"

"आशाबाई, उन्हानं जळेल तो! साहेब येताहेत. हा दाखवला नाही तर सगळ्या पोरांचे लॅपटॉप जातील."

सायली बॅगेशेजारी उकिडवी बसली होती. ओठ फुटलेले. "न्या बाई तुम्ही. मी परत शेवटाला लावते."

"गप बैस!" आशाबाई कडाडली. "धाकटा तापानं फणफणलाय, कपाळावर ठेवायला वली चिंधी नाय घरात, अन् म्हणे शेवटाला लावते!"

बाईंचा हात बॅगेच्या पट्ट्यावर. तो उचलतही नव्हता आणि सुटतही नव्हता.

मागून दगडाबाई म्हणाली, "उचला की बाई. वर्गात सांगता तसं सांगा इथं, पाण्यापरीस शिकणं मोठं."

बाईंनी हात काढून घेतला. बॅगेवर ओढणीची सावली धरून तिथंच फुफाट्यात बसल्या आणि फोन लावला.

"सर, लॅपटॉप सापडला. पण तो रांगेत आहे."

"कुठल्या रांगेत? दुरुस्तीच्या?"

"पाण्याच्या."

सर हळूच म्हणाले, "बाई, ऊन लागलंय का तुम्हाला?"

"साहेबांना इकडंच आणा, सर. इथंच बघून जा म्हणावं."

टँकर आधी आला तर बॅग सुटणार होती. साहेब आधी आले तर काय, ते बाईंना मनातसुद्धा पुरं करवेना. बॅगेला हात लावला की चटका बसत होता. जन्मभर नळाखाली हात धरलेल्या त्या बाई पहिल्यांदाच टँकरच्या आवाजासाठी कान लावून बसल्या.

धूळ उठली. पुढं साहेबांची पांढरी गाडी आणि तिच्या मागं, इथून नीट ऐका, टँकर! असा काठोकाठ, की आत लाटा फुटत होत्या. एकच झुंबड उडाली आणि पाइप सुटला तो थेट बॅगेत! बॅग अशी पक्की, की थेंब गळेना. आशाबाईचं घर भरलं, सगळी गल्ली भरली, तरी बॅग रिती होईना. शेवटी लॅपटॉप तरंगत वर आला, आपोआप सुरू झाला, पडद्यावर सायलीचे हंडे पळायला लागले. साहेब ओंजळीनं पाणी प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "सगळे लॅपटॉप याच शाळेचे—"

"बास करा, नाना," दगडाबाई म्हणाली. "किती खोटं बोलावं माणसानं! त्या बॅगंमागं माझाच डबा व्हता. टँकर आलाच नाय त्या दिवशी. साहेब आला, बॅग उघडली, तर उन्हानं पडदा काळा पडलेला. सगळे लॅपटॉप गाडीत घालून न्हेले. सावनी बाईनं बॅगंच्या जागी आपल्या चपला काढून ठेवल्या अन् तशीच अनवाणी गेली. बदली चालत नाय, ठाऊक व्हतं सगळ्यांना. पण त्या चपलंला हात नाय लावला कुणी."