भाकरीच्या तालावरचा पाळणा

माझ्या नवऱ्याला कुठलंही काम सांगा, शिवू आधी त्या कामाचं बटण शोधतो. लग्नाच्या व्हिडिओंना गाणी लावून देणं हा त्याचा धंदा, आणि तो सगळा मोबाइलमधल्या एका ॲपवर चालतो. बोट टेकवलं की ढोल, पुन्हा टेकवलं की सनई. गिऱ्हाईक खूश, हाही खूश. मी काही बोलले की म्हणतो, "रेश्मा, लोकान्ला दोन मिन्टात पायजे असतंय." संसारसुद्धा ह्याला दोन मिनिटांत हवा असतो, पण ते जाऊ दे.

बारशाच्या आठवड्यात मात्र त्याचं बटण चालेना.

आमची लेक कुर्डुवाडीला माझ्या माहेरी झाली. सव्वा महिन्यानं आम्ही दोघी सोलापुरात परतलो आणि बारसं ठरलं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि आमच्याकडं सख्खी आत्या एकच, नागम्माअक्का. शिवूची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच कडक भाकऱ्या थापून, विकून त्याला वाढवलं. थापता थापता ती कानडीत पाळणे म्हणायची, आणि गल्लीतलं बारसं तिच्याशिवाय होत नसे. गेल्या वर्षी तिच्या गळ्यातली गाठ काढली आणि आवाज गेला. आता ती नुसती कुजबुजते, अगदी जवळ गेल्याशिवाय ऐकू येत नाही.

बारशाचं सांगायला गेलो तर तिनं मान हलवली. "मी न्हाय येनार पाळन्यापाशी. आवाज नसलेल्या आत्यानं लेकराच्या कानात काय सांगावं? मैंदर्गीच्या धनलक्ष्मीला बोलवा की. चुलत का असंना, आत्याच हाय ती." एवढं बोलून ती पिठाकडं वळली. मला तिचा राग आला आणि रडूही आलं. माझ्या लेकीला अक्काच हवी होती.

शिवूकडं तिचा एक पाळणा होता. आमच्या लग्नाआधी कधीतरी त्यानं ओट्यावर फोन ठेवून भरून घेतलेला. तो बारशात लावला तर अक्का येईल, असं त्याच्या मनात आलं. त्यात शेगडीची फुरफुर होती, शेजारच्या यंत्रमागाची खडखड होती, मध्येच कुकरची शिट्टी होती. शिवूनं ॲप उघडलं, 'आवाज स्वच्छ करा'वर बोट टेकवलं, आणि मी चहा गाळेपर्यंत सगळं साफ. नुसता गळा उरला, घासूनपुसून ठेवलेल्या पेल्यासारखा. मलाही आवडला, खोटं कशाला बोलू?

अक्कानं हेडफोन कानाला लावला, थोडं ऐकलं आणि काढून ठेवला.

"ही कोन बाई हाय?"

"अक्का, तूच की!"

"मी न्हाय ही." मग आपल्या तळव्यांकडं बघत म्हणाली, "माजे हात कुटं गेले?"

तेव्हा कुठं आमच्या डोक्यात उजेड पडला. अक्का गायची ती भाकरीच्या थापांवर. ॲपला त्या थापाही खडखडच वाटल्या आणि त्यानं मागाबरोबर तिचे हातही पुसून टाकले. भाकरी तव्यावर टाकायला ती जिथं थांबायची, ती जागाही रिकामी समजून कापली. ताल नाही, श्वास नाही, नुसता आवाज पळत सुटलेला.

शिवू त्या दिवशी धड जेवला नाही. सकाळी लग्नाची कामं बाजूला सारून कॉम्प्युटरपुढं बसला, आवाजाचं तंत्र शिकवणारे व्हिडिओ लावले आणि शाळेतही कधी केला नसेल असा अभ्यास सुरू केला. पडद्यावर आवाजाचं चित्र दिसायचं. खाली जाड आवाज, वर बारीक. त्यातून शिट्टी काढायची, पण तिच्यामागचा गळा राखायचा. पहिल्या खेपेला अक्का हंड्यात बसून गात असल्यासारखी वाटली. दुसऱ्या खेपेला थापा एवढ्या मोठ्या झाल्या की कुणीतरी दार ठोठावतंय. मी तसं म्हटलं.

"तुला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणून त्यानं स्वतः ऐकलं, सगळं पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं. एकच काम पुन्हा करताना मी ह्या माणसाला पहिल्यांदाच बघत होते. फार आवडला तो मला तेव्हा.

पण अक्काची थाप कुठली आणि मागाचा ठोका कुठला, हे त्यालाही कळेना आणि मलाही. मग तो कॉम्प्युटर उचलून तिच्याकडंच जाऊ लागला. पिठाच्या हातांनी ती हेडफोन धरायची आणि बोट हलवून सांगायची, ही माजी, ही न्हाय. "हितं भाकरी उलटली. ही जागा सोड." एका थापेला ती थबकली. ती थाप तालात नव्हती. शिवू ती काढायला गेला, तर तिनं त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. ती भाकरीवर न्हाय, तुज्या हातावर हाय. गरम भाकरी उचलायला आलतास न्हवं का?"

शिवू हसला, आणि मग तोंड फिरवून डोळे पुसत बसला. पाळणा पुरा झाला तेव्हाही अक्कानं येते म्हणून सांगितलं नाही. विचारायची आमची छाती झाली नाही.

बारशाला धनलक्ष्मी पदर खोचून तयार उभी होती. शिवूनं पाळण्याशेजारी स्पीकर ठेवला आणि सुरू केला. आधी थापा आल्या, मग अक्काचा आवाज. बायका स्पीकरकडं वळल्या. मग एकीनं ओळ उचलली, तिच्यामागून बाकीच्यांनी. मी दाराकडं बघितलं तर इरकल नेसून अक्का उंबऱ्यात उभी. ती सरळ पाळण्यापाशी आली. धनलक्ष्मी बाजूला सरली.

अक्का वाकली, बाळाच्या कानाशी ओठ नेले आणि तशीच राहिली. नाव सांगायला एवढा वेळ लागत नाही. बायका हसायला लागल्या. "पुरं की अक्का, सगळं आजच सांगतीस का?"

ती सरळ झाली तेव्हा मी तिच्या तोंडाशी कान नेला.

"दानेश्वरी म्हनून सांगितलं," ती कुजबुजली. "आनि ह्ये बी सांगितलं, की आता गाती ना, ती मीच हाय."