इसाकची तांबडी गाय

जस्टिनाने शेवयांवर सायीचा रस्सा ओतला आणि पळी हातात तशीच धरून ती मुलाच्या डोक्याकडे बघत उभी राहिली. डोक्याकडेच, कारण तोंड दिसतच नव्हतं. कोर्नीची ही खोड लहानपणापासूनची. काही विचारलं की हा ताटात घुसायचा. बापासारखा उंच झाला, मेक्सिकोतल्या चिवावातून टेक्ससला आला, वेल्डिंगचं दुकान टाकलं, दाराशी दोन गाड्या उभ्या केल्या. पण सरळ प्रश्नाला वर बघून उत्तर देणं त्याला कधी जमलं नाही.

प्रश्न रोजचाच होता. आगाथा शाळेत कधी जाणार?

आगाथा, त्याची धाकटी, दुसरीतली, बाहेर पायरीवर दप्तर पाठीला लावून बसली होती. शाळेत गोवर निघाला होता. ज्या पोरांना लस टोचलेली नाही, ज्यांच्या आईबापांनी ‘आमच्या धर्मात बसत नाही’ असं लिहून दिलंय, त्यांनी तीन आठवडे घरी राहायचं, असं शाळेने कळवलं होतं. तीन आठवडे संपत आले की आणखी एखादं पोर अंगावर पुरळ घेऊन निजायचं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कापसाची पेरणी तोंडावर आली तरी पोरगी घरीच.

सकाळी पिवळी बस कोपऱ्यावरून वळायची. पूर्वी दारात थांबायची, आता वेगसुद्धा कमी करत नसे. बस दिसेनाशी झाली की आगाथा आजीच्या कोंबड्यांना ओळीत उभं करायला बघायची. घरी बसावं लागलं नेमका त्याच आठवड्यात वर्गाच्या ओळीत सगळ्यांच्या पुढे चालायचा तिचा मान होता. कोंबड्या काही ऐकत नसत. मग ती एकटीच पुढे चालायची, बोट ओठांवर ठेवून, मागे कुणी नसताना.

जस्टिनाचं घर म्हणजे मुलाच्या घरामागच्या दोन खोल्या. खिडकीतून तिला हे सगळं दिसायचं.

“कुठल्या वचनात लिहिलंय?” तिने विचारलं.

“काय?”

“सुई नको म्हणून.”

“आई, आपला धर्म आहे तो.”

“धर्म मलाही आहे. तुझ्याआधीपासून आहे.”

मग कोर्नीने, अर्थात शेवयांनाच, पुन्हा सगळं सांगितलं. शाळेत नाव घालायला गेले तेव्हा टेबलामागच्या बाईने एव्हाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, डोक्यावरचा काळा रुमाल बघितला आणि आपण होऊनच म्हणाली की तुम्हा मेनोनाइट लोकांसाठी सूट मिळायचा कागद असतो. कोर्नीला आजोबा आठवले. पोरांना फौजेत नेणार नाही, एवढं लिहून देणारा कागद मिळावा म्हणून शस्त्र न धरणाऱ्या या ख्रिस्ती पंथातले त्याचे पूर्वज रशिया सोडून निघाले, कॅनडा सोडून निघाले. सरकार सूट देतंय म्हटल्यावर आपल्या माणसाने ती घ्यायची, सोडली तर उद्या पोरं न्यायला दारात उभे राहतील, हे तो पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेला. त्याने कागद घेतला. सूट कशातून, ते नंतर विचारलं.

“सरकारने उद्या जेवणातून सूट दिली तर तीही घेशील,” जस्टिना म्हणाली.

तो हसला. पण दिलेला कागद परत घेणं त्याला पटत नव्हतं. एकदा माघार घेतली की सरकार पुढचं मागेल. एव्हाला विचारावं तर ती म्हणे, कोर्नी म्हणेल ते.

“बाबा असते तर त्यांनीही घेतला असता,” तो म्हणाला आणि टोपी घ्यायला उठला.

टोपीच्या शेजारच्या खिळ्याला एक जुनं दावं टांगलेलं होतं. तिकडे चिवावात शेजाऱ्याने तिच्या नवऱ्याच्या, इसाकच्या, तांबड्या गायीवर हक्क सांगितला होता. न्यायाधीश म्हणाला, ग्रंथावर हात ठेव आणि शपथ घे की गाय तुझी, मग ने. इसाक म्हणाला, गाय माझी आहे. हो म्हणजे हो. शपथ आम्ही घेत नाही, देवाने नको म्हटलंय. गाय शेजाऱ्याकडे गेली आणि इसाक नुसतं दावं खांद्यावर टाकून घरी आला. त्या दिवशी जस्टिनाने त्याला जेवण वाढलं नाही. नंतर जन्मभर मात्र येईल-जाईल त्याला तिने तेच दावं दाखवलं.

बापाचं नाव तुझ्या तोंडात शोभत नाही, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीच्या गाडीत बसून ती शाळेत गेली. इंग्रजी तिला येत नव्हतं. पण टेबलामागची ती बाई, ओफेलिया बारिएंतोस, स्पॅनिश बोलणारी निघाली, आणि जस्टिनाला भांडण्यापुरतं स्पॅनिश उत्तम येत होतं. माझ्या सुनेचा रुमाल बघून तू कागद पुढे केलास का, तिने उभ्याउभ्याच विचारलं.

ओफेलियाने राग मानला नाही. आधी खुर्ची दिली. तुमच्या चर्चचे पुष्कळ लोक तोच कागद मागायचे, म्हणून मागण्याआधीच सांगायची सवय लागली, असं ती म्हणाली. मुलीला आजही कुणी अडवत नाही, लस टोचल्याचा दाखला आणला की ती पुन्हा वर्गात.

“मग तेव्हा विचारलं का नाहीस, की तुमच्या धर्मात असं आहे तरी कुठे?”

“तसं विचारायची आम्हाला मुभा नाही, आजी. आईबाप म्हणतील तो धर्म. कागद आला की कपाटात ठेवायचा. गोवर आला की कपाट उघडायचं आणि ती पोरं घरी पाठवायची. वाईट मलाही वाटतं.”

“नुसतं म्हटलं की झालं?”

“नुसतं कसं? शपथेवर सही लागते. माझ्याच समोर झाली, या टेबलाशी. शपथ घेतल्याचा शिक्का मारायचं काम माझ्याकडेच असतं.” तिने उजवा हात खांद्याएवढा वर करून दाखवला. “शपथ नको असेल तर ‘मी खरं सांगतो’ एवढं म्हटलेलंही चालतं. पण तसं सांगावं लागतं. त्याने काही सांगितलं नाही.”

जस्टिनाने हनुवटीखालची रुमालाची गाठ चाचपली. सुटली नव्हती, तरी पुन्हा बांधली.

“हात वर केला त्याने?”

“केला.”

“आणि तोंडाने काय म्हणाला?”

ओफेलियाने आठवून बघितलं. “हो म्हणाला. खाली बघत.”

जस्टिना उठली. बाहेर लांब ओसरीत एक वर्ग ओळीने चालला होता, आणि पुढची मुलगी ओठांवर बोट ठेवून फार तोऱ्यात चालत होती. जस्टिना भिंतीला टेकून उभी राहिली. कुठल्यातरी खोलीत पोरं एका सुरात काहीतरी म्हणत होती. शब्द तिला कळत नव्हते, सूर कळत होता. तिला स्वतःला बारावं वर्ष लागलं तेव्हा तिची पाटी धाकट्या भावाकडे गेली. मुलींची शाळा तेवढीच. पुढे बटाटे काढताना शाळेतलं पाठांतर वाऱ्यावर शेतापर्यंत यायचं, आणि ती वाकून, कुणाला दिसू नये अशी, ओठ हलवायची. वारा फिरला की मधलाच शब्द राहून जायचा.

ओळ वळणावर दिसेनाशी झाली. ती तिथेच उभी होती.

“आजी, रस्ता चुकलात का?” ओफेलियाने दारातून विचारलं.

“नाही,” जस्टिना म्हणाली. “ऐकतेय.”

दुपारी कोर्नी जेवायला आला. पायरीवरून आगाथाला बाजूला करत आत शिरला, टोपी अडकवायला हात वर केला आणि थबकला. शेजारचा खिळा रिकामा होता. दावं त्याच्या ताटाशेजारी ठेवलेलं होतं, नीट वेटोळं घालून. ताटात शेवया होत्या, वाफ येत होती.

तो बसला. डोकं खाली घालायला गेला आणि समोर दावंच आलं, म्हणून त्याने वर बघितलं. किती दिवसांनी बघितलं. डोळे बापाचे होते.

जस्टिनाने पळी खाली ठेवली.

“सुईबद्दल देवाने एक शब्द काढलेला नाही, कोर्नी. शपथेबद्दल काढलाय. त्या शब्दापायी तुझ्या बापाने गाय सोडली, आणि तू शपथ वाहिलीस ती पोरीची शाळा सोडवायला. चर्चच्या मंडळींपुढे उभं राहून शपथेचं सांगायचं की नाही, ते तुझं तू बघ. उद्या सकाळी दवाखान्यात न्यायला गाडी काढ. दप्तर तिच्या पाठीलाच असेल.”