नळाशेजारची मांडणी

मी मांडणी बोलतेय. पावस गावाच्या अलीकडे एका छोट्या शाळेच्या पडवीत, हात धुवायच्या नळाशेजारी मी उभी असते. फणसाच्या लाकडाची, तीन फळ्यांची आणि जरा तोंडाळ.

सुताराने मला ठोकलं ते खिचडीच्या खोलीतल्या डब्यांसाठी. पुढे तिथे लोखंडी कपाट आलं आणि मला खराट्यांच्या कोपऱ्यात ढकललं. दोन वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही. फार चिडले होते मी.

शाळेच्या शिक्षिका वासंतीबाईंनी मला घासूनपुसून पडवीत आणलं. तेव्हापासून दर सोमवारी त्या माझ्यावर काहीतरी मांडतात. कधी तुटलेलं बटण आणि सुईदोरा, कधी मुदत संपलेल्या गोळ्यांची पट्टी. भाषण नसतं. पोरं हात धुता धुता बघतात, वाद घालतात आणि त्यातून शिकतात. भिंतीवरचे सुविचार मात्र कुणी वाचताना मला दिसलेलं नाही.

आंब्याच्या मोहोरावर कीडनाशकाची फवारणी चालू होती, त्या सोमवारी बाईंनी कोकम सरबताच्या तीन जुन्या बाटल्या ठेवल्या. काळपट काचेच्या, लेबल नसलेल्या. खाली चिठ्ठी होती, ‘यातलं प्यायचं कोणतं?’ तिन्हींत कोरा चहाच होता, पण ते पोरांना कसं कळणार?

सगळी हसत होती. पाचवीतली दीपाली तेवढी बाईंकडे गेली.

“बाई, आमच्या पडवीत पन अशीच बाटली हाय. फवारनीचं उरलेलं औषध आप्पा तिच्यात ओततात.”

महागाचं औषध टाकवत नाही, म्हणून आमच्याकडे घरोघरी असंच करतात. दीपालीचा धाकटा भाऊ, समर्थ, तीन वर्षांचा.

तिने घरी जाऊन सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा, आप्पा, तणतणत शाळेत आले.

“बाई, आमच्या घरात बाटल्या कुठं ठेवायच्या ते आता तुमी सांगताव? चाळीस वर्सं फवारनी करतोय मी.”

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. आप्पांनी एक बाटली उचलली, उजेडात धरली, हलवली. काही कळेना.

“वास घेतला की कळतं,” ते म्हणाले आणि बूच काढायला लागले.

“समर्थ वास घेत नाय ओ, आप्पा,” दीपाली म्हणाली. “थेट तोंडाला लावतो.”

आप्पांचा हात थांबला. बाटली त्यांनी परत माझ्या फळीवर ठेवली. ते घराकडे निघाले, जवळजवळ धावतच.

पुढच्या सोमवारी ते आंब्याच्या फळ्यांचा, कुलूप लावलेला रिकामा खोका घेऊन आले आणि माझ्यावर ठेवला. “घरी औषधाच्या बाटल्यांसाठी असाच वर टांगलाय,” त्यांनी पोरांना सांगितलं. “चावी माझ्या कमरेला. माझं चुकत व्हतं.” आजोबांच्या वयाच्या माणसाने हे पोरांसमोर म्हणावं, याचा मला अभिमान वाटला.

आता शाळेची रंगरंगोटी व्हायची आहे. माझा मागचा पाय वाळवीने खाल्लाय, म्हणून मला मोडीत काढा असं कुणीतरी सुचवलंय. काढून तर बघा. पायाखाली दगडाचा चिरा लावा, भिंतीला टेकवा, मी उभी राहीन. समर्थ अजून शाळेत यायचा आहे.