कोटाच्या आतला शिक्का

पणजोबा शिडं शिवीत, आजोबा तंबू, वडील रेनकोट. आणि घराण्याची सुई शेवटी थोरल्या लेकीच्या हाती आली. त्या घरात 'वॉटरप्रूफ' हा शब्द उगीच उच्चारायचा नसे. शिवणींवर रबराचं द्रावण फिरवावं, ज्यानं शिवला त्यानंच कोट घालून नळीच्या धारेखाली उभं राहावं, खिशातली खडूची पूड कोरडी निघाली तरच आत शिक्का मारावा, असा दंडक होता.

त्या दुपारी वादळ घोंगावत असताना थोरलीला फळीवर द्रावणाचा डबा दिसला, न उघडलेला. तिनं तो उचलून भावापुढे धरला.

"अरे, बंदरावर पाठवलेल्या कोटाला लावलंस काय?"

"शिक्का लावला की!" धाकटा भाऊ हसला. "ताई, घाई होती. वॉटरप्रूफ म्हणजे जरा पाणी उडालं तर निभावतं. सगळा बाजार तेच लिहितो."

"त्या शब्दात 'जरा' बसत नाही, मेल्या! पाणी आत येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो कोट नावाड्याच्या अंगावर आहे!"

खुंटीवरचा वडिलांचा कोट चढवून ती धावत सुटली. नावाडी समुद्रात अडकलेल्यांना आणायला निघाला होता. त्या बर्फगार पाण्यानं भिजलेला माणूस सुकाणू फार वेळ धरू शकत नाही. या नावाड्याच्याच आजोबांनी एकदा उलटलेल्या होडीतून तिच्या वडिलांना, तान्हं मूल असताना, बाहेर काढलं होतं आणि स्वतःच्या कोटात गुंडाळलं होतं. मूल जगलं, आजोबा त्या गारठ्यातून उठले नाहीत.

धक्क्यावर दोर सुटत होता.

"थांब! कोट काढ!"

"मावशी, लग्नाला नाही चाललो कपडे बदलायला!" नावाडी ओरडला. "शिक्का आहे ना तुमचा?"

"शिक्का खोटा आहे."

घराण्यात कुणाच्या तोंडून हे वाक्य निघालं नव्हतं. मान खाली न घालता तिनं वडिलांचा कोट उतरवला. "हा घाल. दरवर्षी खिशात खडूची पूड ठेवून मी यात धारेखाली उभी राहते. पूड अजून आतच आहे."

नावाड्यानं कोट बदलला. होडी लाटांआड गेली. त्याचा कोट घालून ती धक्क्यावरच उभी राहिली. आधी खांदे भिजले, मग पाठ, मग दातावर दात वाजू लागले. समुद्रावर काहीच दिसत नव्हतं. 'नेऊ नकोस रे त्याला,' एवढंच ती पुटपुटत राहिली.

अंधारून येता येता होडी परतली, माणसांनी भरलेली. नावाडी उतरला, खिशात हात घालून त्यानं तिच्यासमोर मूठ उघडली. खडूची पूड कोरडी होती.

"मावशी," तो म्हणाला, "माझ्या आजोबांनी दिलेला कोट आज परत पोचला."