एकोणीस तासांवरचा मुलगा

"बाबा, सगळी विमानं फुल्ल आहेत. आठवडाभर एकही जागा दिसत नाही," मुलगा फोनवर सांगत होता.

वडिलांच्या समोर, विमान-तिकिटांच्या कचेरीतल्या पडद्यावर, मुलाच्या शहरातून इकडे येणारी पाच विमानं उजळलेली होती. प्रत्येकापुढे रिकाम्या जागांचा आकडा, नऊ. ही यंत्रणा नवाच्या पुढे मोजत नाही. नऊ म्हणजे नऊ, किंवा कितीही. सत्तावीस वर्षं वडील याच खुर्चीत बसत आले होते. मुलगा बहुधा तेवढंच विसरला होता.

"गर्दी असते या दिवसांत," ते म्हणाले.

"आई कशी आहे?"

"डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस."

"बघतो मी. कळवतो."

"काय टाइमटेबल, निघाला का लेक?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं. कचेरीत त्यांना सगळे याच नावाने हाक मारत.

"निघेल."

त्यांनी मुलाच्या नावावर एक जागा धरून ठेवली. अशी बिनतिकिटाची जागा चारपर्यंतच राहते. तिचा क्रमांक त्यांनी मुलाला पाठवला. संदेश वाचल्याची खूण उमटली. उत्तर उमटलं नाही. चार वाजता ते नाव पडद्यावरून आपोआप गळून गेलं. नवाचा आकडा आधीही नऊ होता, नंतरही नऊच राहिला.

संध्याकाळी इस्पितळात बायको जागी होती.

"अहो, किती लांब आहे हो ते?"

"अकरा हजार चारशे किलोमीटर."

"तासांत सांगा."

"मधला थांबा धरून एकोणीस."

तिने चादरीवर एकेक बोट मिटत हिशेब केला. "म्हणजे आत्ता निघाला तर उद्या दुपारी माझ्यापाशी."

खिडकीच्या काचेत उजेड विझत चालला होता, एखादं उत्तर लांबणीवर पडावं तसा.

"जागा नाही मिळाली," ते म्हणाले. "मला काढता आली नाही."

तिने त्यांच्याकडे मान वळवली. "उभ्या जगाला विमानात बसवलंत. पोटच्या पोराला एक जागा नाही? साहेबांना विचारलंत तरी का?"

"विचारलं."

"मुळूमुळू विचारलं असेल. तुमचं वजन कधी पडलंच नाही तिथे."

"नाही पडलं."

नर्स सलाईन बदलायला आली, तेव्हा बायको तिला म्हणाली, "सिस्टर, आमचा मुलगा एका पायावर तयार आहे हो. यांनाच जमेना."

नर्सने त्यांच्याकडे वळून पाहिलं. ती नजर त्यांनी मुकाट्याने अंगावर घेतली.

"त्याला फोन करा," नर्स गेल्यावर बायको म्हणाली. "म्हणावं, मनाला लावून घेऊ नकोस. तुझा काही दोष नाही."

ते व्हरांड्यात गेले. फोन खिशातच होता. एका फोनला लागतो तेवढा वेळ ते भिंतीशी उभे राहिले आणि आत आले.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"रडला का हो?"

त्यांनी तिच्या उघड्या पडलेल्या पावलांवर चादर ओढली, कडा नीट खोचली.

"खूप रडला," ते म्हणाले.