दोघांच्या खेळाचा दुसरा भाग

प्लॅस्टिकच्या कडेला नख अडकलं. अडकायला नको होतं – सीलबंद डबीचं वेष्टण सगळीकडून सारखंच लागतं, ताणलेलं, गुळगुळीत. हे मात्र एका बाजूनं ब्लेडनं सरळ कापून इतक्या काळजीनं परत बसवलेलं होतं की पार्सल बांधताना बोट नेमकं तिथंच गेलं नसतं तर भारतला कळलंही नसतं. तो डबी उजेडात धरून बघत राहिला. घरात माणसं दोनच. त्यानं उघडली नव्हती.

मोनाली तासाभरापूर्वी जीपनं शाळेत शिकवायला गेली होती. फोन लावून विचारता आलं असतं... पण काय विचारायचं? ‘डबी तू फोडलीस का?’ – असं विचारलं की दुकानदार बोलल्यासारखं वाटतं. आणि दुकानदार तर तो होताच. गेमच्या डिस्क एका अॅपवर स्वस्तात दिसल्या की घ्यायच्या, दुसऱ्यावर विकायच्या. प्लेस्टेशनवाल्याला वेगळी, दुसऱ्या मशीनवाल्याला वेगळी, आणि दिवसभर तेच ते सांगत बसायचं – हो, ओरिजिनल आहे. हो, सीलबंद आहे. न्हाई, ह्या मशीनची त्या मशीनवर चालत न्हाई. ह्या डबीतल्या कोड्यांच्या खेळाचा दुसरा भाग आल्यापासून तर बोलून बोलून जबडा दुखायचा. पहिल्यापेक्षा चांगला आहे का, हे प्रत्येकाला विचारायचं असे, आणि तो प्रत्येकाला चांगला आहे म्हणून सांगे – स्वतः एकदाही न खेळता. सील फोडलं की माल जुना.

पहिला भाग मात्र त्यांनी फोडला होता. लग्नाचं पहिलंच वर्ष, हीच खोली. खेळात घड्याळाचा एक मनोरा होता. एकाला फक्त आतली चाकं दिसायची, दुसऱ्याला फक्त बाहेरचे काटे, आणि एकमेकांना सांगितल्याशिवाय एकही दार उघडायचं नाही. टीव्हीचा पडदा अर्धा अर्धा व्हायचा, म्हणून दोघांनी मधोमध खोक्याचा पुठ्ठा उभा केला होता, चोरून बघता येऊ नये म्हणून. सगळ्यात मोठ्या चाकाला मोनालीनं झुंबरबाई नाव ठेवलं होतं – पिंपळगाव रेणुकाईच्या त्याच्या आत्याचं – कारण आत्याही तशीच, जागची हलायला कुरकुरायची आणि एकदा हलली की थांबायची नाही. ‘झुंबरबाईला डावीकडं घ्या... घ्या... आता थांबा, थांबा ना!’ शेजारच्या खोलीतून आई – तेव्हा ती होती – विचारायची, काय झालं रे? आणि खेळात नाव टाकायची वेळ आली तेव्हा दोघांचं मिळून एकच टाकलं होतं : भामो.

मग ते खेळणं कधी थांबलं? भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर लक्षात राहिलं असतं.

दुपारी जालन्याहून अदनान आला. जुनं गिऱ्हाईक, डिस्क हातात घेऊन बघितल्याशिवाय त्याचं समाधान होत नसे. त्याला प्लेस्टेशनचीच हवी होती, आणि प्लेस्टेशनची एकच उरली होती – सकाळची तीच.

“भाऊ, ह्यात एकट्याला खेळता येतं म्हणे,” अदनान म्हणाला. “पहिल्यात दोस्त शोधता शोधता नाकी नऊ आल्ते. आता बटण दाबलं की आतला बाहेर, बाहेरचा आत. दुसऱ्याची गरजच न्हाई.”

“येतं तसं,” भारत म्हणाला.

“मंग द्या ना जल्दी. बस गाठायची.”

भारतनं डबी उचलली आणि द्यायला केलेला हात तसाच राहिला. “ही फुटलेली आहे.”

“चालंल की.”

“न्हाई, ही विकायची न्हाई. दुसरी मागवून देतो.”

अदनाननं त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलावंसं वाटलं असणार, पण बस होती, तो गेला. आणि आपण असं का म्हणालो, हे भारतला स्वतःलाच नीट सांगता येईना. त्यानं मशीन सुरू केलं. डिस्क घातली. खेळणाऱ्याच्या जागी एकच नाव होतं – मोनाली. नऊ मजले चढून झाले होते. तो शनिवारी पार्सलं आणायला जालन्याला जातो, तिची शनिवारी सकाळची शाळा असते... म्हणजे शनिवारच्या दुपारी. टीव्ही बंद करून तो खोलीतच बसून राहिला, कितीतरी मेसेज वाजले तरी.

ती आली तेव्हा ऊन उतरलं होतं. तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडून ती धुळीच्या चपला झटकत होती.

“मोना, ती डबी तू उघडलीस?”

तिचा हात थांबला. “हो. सांगणार होते.”

“मला बोलवायचं ना.”

“बोलावलं असतं तर तुम्ही आले असते,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो ऐकत राहिला. “म्हणूनच न्हाई बोलावलं. दिवसभर पोरांना सांगून सांगून जीव जातो माझा. घरी येऊन परत सांगायचं – डावीकडं घ्या, थांबा... एकटीनं खेळलं की तोंड मिटून बसता येतं. बस्स, इतकंच. तुम्हाला वाईट वाटलं का?”

“न्हाई,” तो म्हणाला.

ती हातपाय धुवायला गेली. आता वाईट वाटेल म्हणून तो वाट बघत बसला – आपल्याला वगळून ती त्या मनोऱ्यात एकटी चढत गेली, दोन्हीकडचं स्वतःच बघत, आणि तिला आपली उणीव भासली नाही; हे कुठेतरी लागायला हवं होतं. पण ते लागेना. त्याऐवजी पाठीतून काहीतरी सैल होत खाली उतरत गेलं, आजारी माणसाला आज उठू नकोस म्हटल्यावर होतं तसं. उद्या शनिवार. आपल्याला कुणी बोलावणार नाही. कुणाला काही सांगावं लागणार नाही... किती बरं वाटतंय, असं त्याच्या मनात आलं, आणि ते शब्द मनातल्या मनात ऐकूनच तो दचकला, आतून भांड्यांचा आवाज येत होता त्या दिशेला बघू लागला.